कुत्रीचं नसबंदीचं ऑपरेशन झालं. घरी पुढचे चौदा दिवस कसे सांभाळायचे?

कुत्रीच्या नसबंदीचं ऑपरेशन बहुतेक वेळा तासाभरात उरकतं. संध्याकाळी ती रिक्षातून किंवा गाडीच्या मागच्या सीटवर झोपून घरी येते आणि तिथून पुढचे दहा ते चौदा दिवस सगळं घरच्यांच्या हातात असतं. पहिल्या रात्री सगळं घर तिच्याभोवती बसलेलं असतं. दुसऱ्या दिवशी ती थोडं खाते. तिसऱ्या दिवशी शेपूट हलवत दाराशी येते, आणि ‘बरी झाली की ही!’ म्हणून सगळे निर्धास्त होतात. गळ्यातला प्लॅस्टिकचा कोन काढला जातो, गच्चीवर जायला मोकळीक मिळते. टाके उसवण्याचे प्रकार नेमके इथूनच, म्हणजे साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास, सुरू होतात. कुत्री बरी दिसते, पण आतली शिवण अजून कच्ची असते.

आत नेमकं काय केलेलं असतं

या ऑपरेशनात सहसा दोन्ही अंडाशयं आणि गर्भाशय काढून टाकतात. पोटाखाली, बेंबीच्या मागच्या बाजूला मधोमध काप घेतात. अंडाशयाकडे आणि गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना दोऱ्याने घट्ट गाठी मारतात आणि मग ते अवयव कापून बाहेर काढतात. त्यानंतर पोट थराथराने शिवतात. आधी पोटाच्या मधोमध असलेला पांढरा चिवट पट्टा, मग त्यावरची चरबी आणि शेवटी कातडी. बाहेरून आपल्याला दिसते ती फक्त कातडीची शिवण. पोटातल्या आतड्याचा भार पेलून धरणारी शिवण आत असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. कातडी चार-पाच दिवसांत जुळून येते, पण आतल्या पट्ट्याला ताकद यायला कित्येक आठवडे लागतात. तोवर सगळा भार दोऱ्यावर असतो.

काही ठिकाणी, विशेषतः भटक्या कुत्र्यांच्या मोहिमांमध्ये, काप पोटाखाली न घेता कुशीत, बहुधा उजव्या बाजूला घेतात. अशी जखम लांबूनही दिसते, म्हणून ती पद्धत तिथे सोयीची पडते. घरची काळजी मात्र दोन्हीकडे सारखीच.

‘एवढं करायचंच कशाला’ असं म्हणणारं कोणीतरी प्रत्येक घरात असतं. नको असलेली पिल्लं हे एक कारण झालंच. दुसरं म्हणजे, नसबंदी न केलेल्या आणि वय वाढलेल्या कुत्रीच्या गर्भाशयात पू होण्याचा आजार बराच आढळतो. माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत तो उद्भवतो आणि वेळेत कळला नाही तर जीव घेतो. तेव्हा हेच ऑपरेशन आजारी, तापलेल्या कुत्रीवर करावं लागतं. धडधाकट असताना केलेलं बरं.

दवाखान्यातून निघण्याआधी

सीमाभागात कुत्रं एका राज्यात आणि डॉक्टर दुसऱ्या राज्यात, हे नेहमीचंच आहे. चंदगडची मंडळी बेळगावला जातात, दोडामार्गची गोव्यात, निपाणीची कोल्हापूरला, तर भालकीकडची उदगीरला. म्हणजे रात्री काही झालं तर ऑपरेशन केलेला डॉक्टर तासा-दोन तासांवर असतो. त्यामुळे निघतानाच चार गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात. कोणतं औषध किती वाजता द्यायचं, कातडीचे टाके काढावे लागणार आहेत की आपोआप विरघळणारे आहेत, पुन्हा कधी दाखवायचं, आणि रात्री फोन कोणत्या नंबरवर करायचा. कागदावर सगळं इंग्रजीत असतं आणि समोर सांगणारा मदतनीस कन्नडमध्ये, गुजरातीत किंवा तेलुगूत बोलत असतो. ‘कळलं, कळलं’ म्हणून मान डोलावण्यापेक्षा तिथेच मराठीत लिहून घेऊन परत एकदा वाचून दाखवावं. भूल कोणती दिली, वेदनाशामक इंजेक्शन कोणतं आणि किती वाजता दिलं, हे कागदावर लिहून घेतलेलं असलं की गावातल्या दुसऱ्या पशुवैद्यालाही अडचणीच्या वेळी उपचार करता येतात.

इंदूरच्या लोकांना महू, वडोदऱ्याच्या लोकांना आणंद आणि हैदराबादच्या लोकांना राजेंद्रनगर इथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. बिदर आणि उदगीर इथेही अशी महाविद्यालयं आहेत. गुंतागुंत झाली तर ही ठिकाणं लक्षात असावीत. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री नंबर अनेक राज्यांत चालतो, पण त्याचा भर गाई-म्हशींवर असतो आणि रात्री तो उपयोगी पडेलच असं धरून चालू नये. आपल्या भागात काय स्थिती आहे ते आधीच विचारून ठेवावं.

परतीचा रस्ता लांबचा आणि वळणांचा असेल, चोर्ला किंवा आंबोलीसारखा घाट असेल, तर कुत्री पूर्ण शुद्धीवर येऊन मान धरायला लागेपर्यंत निघू नये. गुंगीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. गाडीत तिला कुशीवर झोपवावं, मान सरळ ठेवावी, शेजारी एक माणूस बसवावा आणि तोंड बांधू नये. स्कूटरच्या पायाजवळ उभं करून आणणं तर आजच्या दिवशी साफ नको.

पहिली रात्र

भूल उतरत असताना कुत्री झिंगल्यासारखी चालते, उगाच कण्हते, थरथरते, डोळे अर्धवट उघडे ठेवून पडून राहते. हे बघून घरच्यांचा जीव वरखाली होतो, पण बहुतेक वेळा यात घाबरण्यासारखं काही नसतं. ऑपरेशनच्या वेळी सलाईन दिलेलं असेल तर ती झोपेतच अंथरुणात लघवी करते. त्यासाठी तिला रागावू नये. श्वासनलिकेत नळी घातलेली असते, त्यामुळे एखाद-दोन दिवस हलकं खोकतेही.

भुलीमुळे अंग थंड पडतं. शहाबादी फरशी किंवा टाइल्सवर तिला तसंच झोपवू नये. खाली गोणपाट, त्यावर जुनी गोधडी आणि त्यावर धुतलेली स्वच्छ चादर, असं अंथरूण जमिनीवरच करावं. उबेसाठी गरम पाण्याची बाटली द्यायची तर टॉवेलात गुंडाळून, अंगाला थेट न लावता. गुंगीतल्या कुत्रीला चटका बसला तरी ती बाजूला सरकत नाही. घरात दुसरं कुत्रं किंवा मांजर असेल तर त्या रात्री खोली वेगळी ठेवावी. लहान मुलांना लांबूनच बघू द्यावं. एरवी गरीब असलेली कुत्रीही वेदनेत आणि गुंगीत चावू शकते. चावलीच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टरांकडे जायचं. घरचीच आहे म्हणून सोडून द्यायचं नाही.

आत मारलेली एखादी गाठ सैल पडली तर पोटात रक्तस्राव होतो. असं क्वचित होतं, पण झालं तर बहुधा पहिल्या चोवीस तासांत. म्हणून त्या रात्री दोन-तीन तासांनी एकदा ओठ वर करून हिरड्या बघाव्यात. त्या गुलाबी असायला हव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. आपल्याकडच्या गावठी कुत्र्यांच्या हिरड्या बऱ्याचदा काळ्या असतात, तेव्हा खालची पापणी जरा ओढून आतला रंग बघावा. हिरड्या पांढुरक्या पडल्या, पाय गार पडले, पोट फुगत चाललं, कुत्री उठवूनही उठेना, असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करायचा आणि निघायचं. गोचीड-तापाची लागण झालेल्या कुत्र्यांमध्ये रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. ज्यांच्या कुत्रीला गोचिडांचा त्रास आहे, त्यांनी ऑपरेशनच्या आधीच रक्त तपासून घेणं शहाणपणाचं.

तापाबद्दल एक गैरसमज हमखास असतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइटच्या दरम्यान असतं. अंगाला हात लावला की आपल्याला ते तापलेलंच वाटतं. नाक कोरडं आहे म्हणजे ताप आहे, हेही खरं नाही. थर्मामीटर गुदद्वारात लावून बघितल्यावर १०३ च्या वर भरलं, तर मात्र डॉक्टरांना कळवावं.

खाणंपिणं

घरी आल्यावर लगेच वाटीभर पाणी पुढे ठेवलं की ती घटाघटा पिते आणि उलटी करते. पाणी थोडं थोडं द्यावं. नीट उभी राहायला लागली की रात्री नेहमीच्या निम्म्याहून कमी, मऊ खाणं चालतं: मऊ भात आणि मीठ-मसाला न घालता उकडलेलं चिकन किंवा अंडं, नाहीतर पाण्यात भिजवलेली भाकरी. नेहमी डबाबंद किंवा पाकिटातलं खाणारीला तेच, पण कमी. एखादी उलटी झाली तर चालून जातं. परत परत व्हायला लागली तर फोन करावा. दुसऱ्या दिवशी भूक यायला लागते. दोन दिवस उलटूनही तोंडाला काही लावत नसेल तर ते बरं लक्षण नाही.

‘अंगात ताकद यावी’ म्हणून घरातल्या आजी हळदीचं दूध पुढे करतात. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही आणि जुलाब होतात. हाडंही या दिवसांत नकोत, त्याने शौचाला खडा होतो आणि कुंथताना पोटावर ताण येतो. ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवलेलं असतं, त्यामुळे दोन-तीन दिवस शौचाला न होणं नेहमीचं आहे. त्याहून जास्त लांबलं तर विचारावं. उकडलेला लाल भोपळा चमचा-दोन चमचे भातात कालवला तर बरं पडतं.

आणखी एक धोका प्रसादाच्या वाटीतून येतो. शिऱ्यात बेदाणे असतात, आणि द्राक्षं नि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. तासगावपासून विजयपूरपर्यंतच्या पट्ट्यात बेदाणा घरोघरी डब्यात भरलेला असतो, तेव्हा तिथे जरा जास्तच लक्ष हवं. कांदा-लसूण घातलेला रस्सा आणि चॉकलेट हेही कुत्र्याला कधीच नको.

गोळी कोणती, आणि कोणती अजिबात नाही

ऑपरेशननंतर दुखतं. कुत्री ओरडत नाही म्हणजे तिला दुखत नाही, असं नसतं. पाठ वाकवून उभी राहणं, पोटाला हात लावू न देणं, कोपरा धरून बसणं, झोप न लागणं, धापा टाकणं ही वेदनेचीच लक्षणं. म्हणून पशुवैद्य बहुधा तीन-चार दिवसांचं वेदनाशामक लिहून देतात. मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन ही त्यातली नेहमीची नावं. मात्रा कुत्रीच्या वजनावर ठरते आणि औषध खाण्याबरोबर द्यायचं असतं. औषध चालू असताना उलट्या झाल्या, काळी डांबरासारखी शौच झाली किंवा खाणं बंद झालं, तर पुढची मात्रा थांबवून डॉक्टरांना विचारायचं.

घरातल्या डब्यातली माणसाची गोळी मात्र द्यायची नाही. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलची मात्रा चुकली तर यकृतावर जाते. मांजराला तर तिचा तुकडाही जीवघेणा ठरतो. ‘अर्धीच दिली’ हे समर्थन इथे चालत नाही, कारण दहा किलोच्या कुत्रीला माणसाची अर्धी गोळीही फार होते. आधीच मेलॉक्सिकॅम चालू असताना वरून दुसरी वेदनाशामक गोळी दिली तर धोका आणखी वाढतो.

एकत्र कुटुंबात वेगळीच गंमत होते. सकाळी आईने गोळी दिलेली असते, दहा वाजता बाबा उठून परत देतात आणि संध्याकाळची कोणीच देत नाही. त्यासाठी भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोजच्या चौकटीत खूण करावी आणि औषधाचं काम एकाच माणसाकडे ठेवावं. गोळी चपातीच्या तुपाच्या गोळ्यात, पनीरमध्ये किंवा उकडलेल्या बटाट्यात दडवली की जाते. आधी एक रिकामा गोळा, मग गोळीचा, मग परत रिकामा, असं दिलं तर संशय येत नाही. प्रतिजैविक दिलेलं असेल तर सांगितलेले सगळे दिवस पूर्ण करावेत. दिलेलं नसेल तर मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नये. स्वच्छ झालेल्या ऑपरेशनला दर वेळी ते लागतंच असं नाही.

टाक्यांवर नजर

रोज सकाळ-संध्याकाळ, उजेडात, तिला कुशीवर झोपवून शिवण बघायची. मोबाइलवर रोज एक फोटो काढून ठेवला की कालच्यापेक्षा आज सूज वाढली की उतरली हे लगेच कळतं. शिवाय लांबच्या डॉक्टरांना तो पाठवताही येतो. कडा एकमेकींना चिकटलेल्या, रंग फिकट गुलाबी, किंचित सूज, पहिल्या दिवशी रक्ताचे एक-दोन थेंब, एवढं असेल तर ठीक. थोडं निळं-जांभळं दिसलं तरी हरकत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी शिवणीखाली दोरीसारखा कडक वळ हाताला लागतो. जखम भरून येत असताना असं होतं.

शिवणीखाली मऊ, पाण्याच्या पिशवीसारखी, न दुखणारी सूज आली तर बऱ्याचदा ते नुसतं पाणी साठलेलं असतं आणि कुत्रीने फार हालचाल केल्याची ती खूण असते. ते बहुतेक वेळा आपोआप जिरतं. सुई टोचून ते काढायला जाऊ नये. पण अशीच सूज आतला टाका सुटून आतडं कातडीखाली आल्यानेही दिसू शकते आणि घरी बसून हा फरक कळत नाही. म्हणून मऊ सूज दिसली की दाखवून यावं. पू, घाण वास, गरम लाल कडा, सतत ठिबकणारं रक्त किंवा मधोमध उघडलेली फट दिसली तर त्याच दिवशी जायचं. आतलं काही बाहेर डोकावताना दिसलं तर ते आत ढकलायचं नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा सलाईनमध्ये भिजवलेलं स्वच्छ कापड त्यावर ठेवायचं, पोटाभोवती चादर गुंडाळायची आणि त्या क्षणी निघायचं.

जखमेवर काही लावायचं का? डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर काहीही नाही. हळद, खोबरेल, कडुलिंबाचा लेप, स्पिरिट, डेटॉल, सगळं राहू द्यावं. तेल-हळद लावली की कुत्री ती चाटायला जातेच, शिवाय हळदीच्या रंगाखाली लाली दिसत नाही. स्पिरिटने नवी येणारी कातडी जळते. आंघोळ चौदा दिवस बंद.

चाटण्याचं काय

‘कुत्र्याच्या जिभेत औषध असतं, चाटून चाटून बरं करतं’ हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं वाक्य. प्रत्यक्षात तोंडात जंतू भरपूर असतात, जीभ खरखरीत असते आणि पुढच्या दातांनी दोरा पकडून ओढायला कुत्रीला फार वेळ लागत नाही. घरचे जेवायला बसले तेवढ्या वेळात दोन-तीन टाके गेलेले असतात.

म्हणून दवाखान्यातून मिळालेला कोन टाके निघेपर्यंत गळ्यात राहिला पाहिजे, रात्रीसुद्धा. तो नाकाच्या टोकाच्या थोडा पुढे आलेला हवा, आणि मान व पट्टा यांच्यामध्ये दोन बोटं सहज गेली पाहिजेत. पहिला दिवस ती दारांना, टेबलांना धडकते, रुसून बसते. दुसऱ्या दिवशी सवय होते. भांडं पाटावर किंवा उलट्या डब्यावर उंच ठेवलं तर कोनासकट खाता येतं. जेवणापुरता काढायचाच असेल तर समोर बसून राहायचं आणि लगेच परत घालायचा.

कोन अजिबात सहन होत नसेल तर जुना सुती टी-शर्ट चालतो. डोकं गळ्यातून, पुढचे पाय बाह्यांतून काढायचे आणि खालचं टोक पाठीवर कमरेच्या वर गाठ मारून बांधायचं. लघवीला नेताना गाठ सोडायची, शर्ट ओला झाला की बदलायचा. पण कापड चावून फाडणाऱ्या कुत्रीला शर्टाचा काही उपयोग नाही, तिला कोनच लागतो. रात्री कातडीचा एखादा टाका तुटलेला सापडला आणि कडा मिटलेल्याच असतील, तर कोन घालून सकाळी दाखवलं तरी चालतं. फट दिसत असेल तर मात्र थांबू नये.

उड्या, जिना आणि दारावरची बेल

चौदा दिवसांतली सगळ्यात अवघड गोष्ट हीच. आजारी कुत्री एका जागी पडून राहते, तिला सांभाळणं सोपं. बरी वाटणारी कुत्री खाटेवर उडी मारते, गॅस सिलिंडरवाला आला की दाराकडे धावते, कौलावर माकड दिसलं की मागच्या दोन पायांवर उभी राहते. उडी मारताना पोटाचे स्नायू एकदम ताणले जातात आणि सगळा झटका त्या आतल्या शिवणीवर बसतो.

अंगणात साखळीने बांधून ठेवणं हा त्यावर उपाय नाही. बांधलेली कुत्री रस्त्यावरच्या कुत्र्याकडे झेप घेते, साखळी ताणली जाते आणि ती हवेत उलटते. त्यापेक्षा एक छोटी खोली, नाहीतर ओसरीचा एक कोपरा बाज आडवी उभी करून बंद केलेला, जिथून रस्ता दिसत नाही, अशी जागा बरी. सोफ्यावर खुर्च्या उलट्या टाकून ठेवाव्यात. जी कुत्री माणसांच्याच पलंगावर झोपते, तिच्यासाठी दोन आठवडे घरच्यांनीच खाली गादी टाकणं हा सगळ्यात कमी भांडणाचा मार्ग आहे. बेल बंद करून येणाऱ्यांना फोन करायला सांगता येतं.

लघवी-शौचाला दिवसातून चार-पाच वेळा, पाच-दहा मिनिटं, आखूड पट्ट्याने न्यावं. घराच्या कुंपणाच्या आतही मोकळं सोडू नये. छातीचा पट्टा वापरत असाल तर त्याची पट्टी शिवणीवर घासत नाही ना, हे बघावं. जुन्या वाड्यांतले उभे लाकडी जिने आणि लिफ्ट नसलेल्या इमारती इथे उचलून न्यावं लागतं. उचलताना एक हात छातीच्या पुढून आणि दुसरा मागच्या मांड्यांच्या मागून घालायचा. पोटाखाली हात घालून उचललं तर सगळं वजन टाक्यांवर येतं. पंचवीस किलोची कुत्री आणि तिसरा मजला असेल तर ऑपरेशनच्या आधीच दोन माणसांची सोय बघून ठेवावी, नाहीतर ते दिवस तळमजल्यावरच्या नातेवाइकांकडे काढावेत.

तारीख ठरवतानाही विचार हवा. दिवाळीच्या फटाक्यांचा किंवा विसर्जनाच्या ढोल-ताशांचा आठवडा यात आला की घाबरून पळणारी कुत्री कोणाला आवरत नाही. लग्नघरातही हे ऑपरेशन नको.

वेळ घालवायला डोक्याचं काम द्यावं. जुन्या टॉवेलाच्या घड्यांत चणे-फुटाणे किंवा खाण्याचे दाणे लपवून शोधायला द्यायचे, ‘बस’, ‘थांब’ असं शिकवायचं. पंधरा मिनिटं हुंगून शोधलं की ती बऱ्यापैकी दमते.

पावसाळा आणि माश्या

गोवा, खानापूर, आंबोलीकडे पाऊस आठ-आठ दिवस उघडत नाही. ओल्या गवतातून पोट घासत आलेल्या कुत्रीची शिवण ओली राहिली की जंतूंना मोकळं रान मिळतं. बाहेरून आल्यावर कोरड्या स्वच्छ फडक्याने पोट टिपून घ्यावं. टिपायचं, पुसायचं किंवा चोळायचं नाही. माश्यांचं संकट त्याहून मोठं. ओल्या, स्राव येणाऱ्या जखमेवर माशी बसली की अंडी घालते आणि दिवसा-दोन दिवसांत जखमेत अळ्या होतात, ज्याला गावाकडे आसडी पडणं म्हणतात. अंथरुणावर मच्छरदाणी लावली, अंथरूण रोज बदललं आणि कुत्री घरातच ठेवली तर हे टळतं. अळ्या दिसल्याच तर रॉकेल, फिनेल ओतू नये, तडक दवाखाना. गोचिडांचं औषध अंगावर सोडायचं असेल तर तेही डॉक्टरांना विचारून, टाके निघाल्यावर.

टाके निघाल्यावर

कातडीचे टाके साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी काढतात. ब्लेडने घरी काढायचा खटाटोप करू नये. ऑपरेशनचा दवाखाना लांब असेल तर गावातले पशुवैद्यही ते काढून देतात, फक्त कागद बरोबर न्यावा. विरघळणारे टाके असले तरी एकदा दाखवून यावंच. त्यानंतर फिरणं हळूहळू वाढवायचं. पळणं, पोहणं, दुसऱ्या कुत्र्यांशी मस्ती आणखी आठवडाभराने.

माजावर असताना किंवा माज नुकताच संपल्यावर ऑपरेशन झालं असेल तर काही दिवस नर मागे लागतात. त्यांच्यापासून तिला जपावं, कारण या काळात समागम झाला तर आतली शिवण फाटू शकते. काही कुत्र्यांच्या आचळांना सूज येते, दूधही येतं, आणि ती चप्पल नाहीतर खेळणं पिल्लासारखं कुशीत घेऊन बसते. ऑपरेशन फसलं, असा त्याचा अर्थ नसतो. शरीरातली संप्रेरकं एकदम खाली आल्यामुळे असं होतं आणि बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. आचळं पिळून दूध काढू नये, त्याने ते आणखी येतं.

पुढे वजन वाढतं ही तक्रार खरी आहे. नसबंदीनंतर शरीराची अन्नाची गरज साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याने कमी होते आणि भूक मात्र वाढते. पातेलं तेच राहिलं की सहा महिन्यांत कुत्री पिंपासारखी होते. टाके निघाले की खाण्याचं माप कमी करून दर महिन्याला वजन करावं. तिला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं आणि मग आपलं वजन वजा करायचं.

गल्लीतल्या कुत्रीचं ऑपरेशन झालं तर

अनेक गल्ल्यांत एखादी कुत्री सगळ्यांची असते. पालिकेची किंवा संस्थेची गाडी तिला नेते आणि नसबंदी व रेबीजची लस देऊन त्याच जागी परत सोडते. पशु जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे तिला तिच्याच भागात सोडणं बंधनकारक आहे. कानाला लहानशी खाच दिसली की तिचं ऑपरेशन झालेलं आहे असं समजावं. तिला कोन घालता येत नाही की खोलीत कोंडता येत नाही. पण आठवडाभर कोरडी, सावलीची जागा, रोज एकाच वेळी खाणं आणि खाताना लांबून शिवणीवर एक नजर, एवढं गल्लीतल्या दोन घरांनी ठरवलं तरी होतं. कुशीतली जखम उघडी दिसली, त्यावर माश्या घोंगावत असल्या किंवा दोन दिवस ती खायला आलीच नाही, तर स्वतः पकडायला न जाता जिथे ऑपरेशन झालं त्यांना फोन करून फोटो पाठवावा. तिला सोडायला आलेल्या गाडीवाल्याकडून नंबर त्याच दिवशी मागून घेतलेला असला की हे काम सोपं होतं.